निव्वळ माल

आमच्या धंद्यात पहिली सवय लागते ती हाताला. शेतकऱ्यानं पोतं उतरवलं की त्याचं तोंड सोडायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळातली मूठ वर काढायची. ती तळहातावर पसरून बोटानं फिरवायची. ज्वारीत हरभरा दिसला, हरभऱ्यात करडई दिसली, की चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, "मिसळ आहे." एवढ्यावर समोरचा माणूस अर्धा होतो, मग भावाचं बोलणं सोपं जातं. मला हे वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. राजस्थानातून आलेलं आमचं घर नारायणगावच्या पेठेत भुसाराच्या धंद्यावर स्थिरावलं, त्यात या दोन शब्दांचा वाटा मोठा आहे. चांगला माल म्हणजे निव्वळ माल, एका पोत्यात एकच दाणा, हे आमच्या घरात देवाच्या नावासारखं पाठ होतं.

पोत्यापुरतं ते ठीक होतं. मी तो नियम एका माणसाच्या शेताला लावला. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती लपवायला जागा उरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तो माणूस लोणीचा. माझ्याच वयाचा. त्याचे वडील आमच्या वडिलांकडे माल घालायचे, तो माझ्याकडे घालतो. मला 'शेठ' म्हणतो, माझ्या बायकोला 'वहिनी'. लोणीकडं पाऊस बेताचा. त्याच्या विहिरीला माघापर्यंत पाणी टिकलं तर त्या वर्षी सगळं घर खुशीत. रब्बीला त्याचं एक ठरलेलं शेत असायचं. मुख्य पीक शाळू ज्वारी. ज्वारीच्या काही काकऱ्यांमागं एक काकरी हरभऱ्याची, पाण्याच्या दंडाला जवस, आणि चहूबाजूंनी कडेला करडई. ही पद्धत त्यानं शोधून काढलेली नव्हती, त्या भागात पूर्वी सगळेच असं पेरायचे. बाकीच्यांनी हळूहळू सोडलं, यानं सोडलं नव्हतं, एवढंच.

मी त्याची भरपूर थट्टा केली. "शेत आहे की किराणा दुकान मांडलंय?" असं मी दर वर्षी म्हणायचो. तो हसायचा. एकदा म्हणाला, "शेठ, करडईचं काटं टोचत्यात म्हून मोकाट ढोरं आत शिरत न्हाईत. कुंपणाचं काम फुकटात व्हतं. आन येक पीक हातचं गेलं तर दुसरं ऱ्हातंच की." मी मान हलवली आणि त्याच्या ज्वारीत सापडलेले हरभऱ्याचे दाणे त्याच्यासमोर वेचून बाजूला ठेवले. मला वाटायचं, हा माणूस भला आहे पण हिशेबाचा नाही. एवढ्याशा रानात चार पिकं घेतो, एकही भरघोस नाही.

मळणी झाली की तो वानवळा घेऊन यायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शेतात जे पिकतं त्यातलं थोडं थोडं ओळखीच्या घरी चवीला नेऊन द्यायचं, त्याला आमच्याकडं वानवळा म्हणतात. त्याची किंमत विचारायची नसते आणि परतफेडही करायची नसते. हा चार लहान पुरचुंड्या आणायचा. ज्वारी, हरभरा, जवस, करडई. दुकानात द्यायचा नाही, वारूळवाडीला आमच्या घरी जाऊन बायकोच्या हातात द्यायचा आणि चहा पिऊन उठायचा.

आमच्या घरात त्या पुरचुंड्यांचं मोल होतं. आम्ही जैन, आठम-चौदसला हिरवी भाजी खात नाही, आणि पर्युषणात तर घरातली सगळी भिस्त डाळींवर. लोणीचा तो बारीक, तांबूस हरभरा दुकानातल्या टपोऱ्या हरभऱ्यापेक्षा चवीला कितीतरी सरस असतो, असं बायको पाहुण्यांना सांगायची. पण पावसाळ्याच्या आत ती सगळ्याचा निकाल लावायची. अख्ख्या कडधान्याला भुंगा लागतो, आणि मग ते दळताना-शिजवताना जीव मरतात, त्याचं पाप आपल्या माथी, असा तिच्या सासूचा शिरस्ता. म्हणून हरभऱ्याची डाळ करून आणायची, जवस भाजून चटणीला, करडई घाण्यावर, ज्वारी गिरणीत. जवस आमच्याकडं फारसं खपत नाही. जास्त झालं की मी उरलेलं दुकानातल्या पोत्यात ओतायचो. भेट म्हणून आलेली वस्तू विकतोय, असं कधी मनातही आलं नाही.

पुढं किनोवा आला. पहिल्यांदा तो पाकिटात आला, रंगीत चित्राच्या. नव्या वसाहतींमधली मंडळी मागायला लागली. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं, कुणाला व्यायामशाळेतल्या मास्तरानं. मी स्वतः एकदा शिजवून खाल्ला, मला तो पाण्यात भिजलेल्या राजगिऱ्यासारखा लागला, पण गिऱ्हाइकाला तसं कोण सांगतो? पाकिटं खपत होती. पुण्याचा एक व्यापारी माझ्याकडं नेहमी यायचा, तो म्हणाला, तुमच्या भागात कुणी पिकवत असेल तर मी घेतो, थंडीत येणारं पीक आहे, पाणी कमी लागतं. फक्त माल निव्वळ हवा.

हे ऐकल्यावर मला लोणीचं ते शेत आठवलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मला खरंच वाटलं की बिचाऱ्याचं भलं होईल. आता विचार करतो तेव्हा त्या 'बिचाऱ्या' शब्दाचीच जास्त चीड येते. ज्याच्या घरची डाळ मी वर्षानुवर्षं चवीनं खाल्ली, तो माझ्या लेखी बिचारा होता.

मी त्याला दुकानात बसवून सगळं समजावलं. बी मी आणून देतो, माल मी उचलतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "निम्म्यात घालून बघू का? निम्म्यात ज्वारी ऱ्हाऊ द्या."

"निम्म्यात घातलंस तर खळ्यावर मिसळणार," मी म्हणालो. "तुझं खळं एकच."

"बरं, कडंनं करडई तरी टाकतो."

"काहीही टाकू नको. एक दाणा जरी दुसरा दिसला तरी माल परत येईल."

तो उठताना एवढंच म्हणाला, "तुमचा शब्द हाय, शेठ. मंग इचार कशाला करायचा." हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं.

पेरणीनंतर मी दोनदा लोणीला गेलो. रोपं हातभर झाली होती. त्याची बायको बांधावर बसली होती, तिनं एक पान खुडून माझ्यापुढं धरलं. "भाऊ, ही तर चाकवत हाय. आमी हिला भाजीत टाकतो. हिला कोन इकत घेनार?" मी हसलो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की चाकवत आणि किनोवा भाऊबंदच आहेत. त्या रानात रब्बीला चाकवत आपसूक उगवतेच, आणि खुरपणीला आलेल्या बायकांना दोघांतला फरक कळेना. कळावा तरी कसा? त्यांनी दोन्ही रोपं तशीच ठेवली. पीक समजून तण वाढलं, शेजारी-शेजारी, सारख्या पानांचं.

कडेला काटे नव्हते, त्यामुळे मोकाट जनावरं एका रात्रीत वरचा कोपरा खाऊन गेली. तरी पीक उभं राहिलं. तुरे आले, लाल, गुलाबी, पिवळे. त्या शेतात उभं राहून मी फोटो काढला आणि मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा लावला. खाली लिहिलं, 'आपल्या मार्गदर्शनाखाली'. कितीतरी लोकांनी अंगठे दाखवले. तो फोटो मी आता काढून टाकलाय, पण ज्यांनी बघायचा त्यांचा बघून झालाय.

माल आला. पुण्याचा व्यापारी माझ्या दुकानात आला. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढली, बोटानं फिरवली. पिवळट दाण्यांत चाकवतीचे काळे बारीक दाणे सगळीकडे. त्यानं चेहरा पाडला आणि म्हणाला, "शेठ, मिसळ आहे." मागं तो उभा होता, लोणीहून टेंपोबरोबर आलेला. त्याच्यासमोर मला हे ऐकावं लागलं. मी चाळण्या मागवल्या, दोन प्रकारच्या लावून बघितल्या. दाण्यांचा आकार जवळपास सारखा, काही वेगळं होईना. वर व्यापारी म्हणाला, दाण्यावरचा कडूपणा काढायला यंत्र लागतं, ते जवळपास कुठं नाही. मग तो चहा न घेता गेला.

पोती मी ठेवून घेतली, ज्वारीच्या भावानं त्याचा हिशेब मिटवला. पैशाचा विषय तिथं संपला, त्यानं पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. पण पैशानं सगळं भरून येत नाही, हे मला त्या वर्षी एक-एक करून कळत गेलं. ज्वारी नाही, म्हणून कडबा नाही. त्याच्या बैलांना उन्हाळ्यात वैरण विकत आणावी लागली, आणि ती देताना तो बैलांकडं बघत नव्हता, असं त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. घरात हरभरा नाही, जवसाची चटणी नाही. त्यानं थोडा किनोवा घरी ठेवला होता, त्याच्या बायकोनं तो शिजवण्याआधी धुतला तर रिठ्यासारखा फेस आला. गावात बोभाटा झाला की शेठनं साबण पेरायला लावला. लोणीहून येणारी माणसं माझ्या दुकानात तोंड दाबून हसायची. एकानं विचारलंसुद्धा, "राव, कपड्याचा हाय का अंगाचा?" मीही हसलो. काय करणार?

त्या दिवसांत मी रागानं मोबाइलवर किनोवाबद्दल शोधत बसायचो. माझी चूक नव्हती, बियाण्याची होती, असं काहीतरी सापडावं अशी आशा होती. एक चित्रफीत सापडली. किनोवा मूळ जिथला, त्या दूरच्या देशातला उंच डोंगर. एक म्हातारा शेतकरी आपलं रान दाखवत होता. पांढरा, लाल, काळा, जांभळा, सगळा किनोवा एकाच उतारावर, मध्ये बटाटे, कडेला कसली तरी शेंगभाजी. खाली अक्षरं येत होती. एक थंडीनं गेला तर दुसरा राहतो, असं तो म्हणत होता. अवजारं साधी, हातानं कापणी, पायांनी मळणी, आणि हे सगळं कमी पाण्यात, त्याच मातीत, त्याच्या आज्या-पणज्यांपासून. मी चित्रफीत मध्येच बंद केली. किनोवाच्या स्वतःच्या घरीही तो कुणी निव्वळ पेरत नव्हतं. मी ज्याला अडाणीपणा म्हणत होतो, तोच अशा शेताचा गुण होता. हे मला लोणीच्या माणसानं सांगितलं तेव्हा मी थट्टा केली, आणि परदेशातल्या माणसानं सांगितलं तेव्हा लगेच पटलं. या गोष्टीची लाज वेगळीच आहे.

पुढच्या वर्षी, दसरा झाल्यावर, तो दुकानात आला. वाफसा आला होता, पेरणीची वेळ. तो गादीवर बसला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"शेठ, येक मागायचं व्हतं. आमच्याकडं बी न्हाई ऱ्हायलं."

मला आधी नीट कळलं नाही. बी बाजारात भरपूर मिळतं. तो म्हणाला, ते नव्हे. त्याच्या घरी दर वर्षी नव्या पिकातलं बी राखेत घालून ठेवायचे. गेल्या वर्षी पेरलंच नाही, त्यामुळे नवं निघालं नाही. आदलं जे राखून ठेवलं होतं त्यातली ज्वारी उन्हाळ्यात घरानं खाल्ली, कारण दुसरं धान्य नव्हतं. हरभऱ्याला भुंगा लागला, आतून पोकळ झाला. जवस आणि करडई कुणाला तरी विकली. म्हणजे वडिलांपासून चालत आलेलं ते चार पिकांचं शेत, माझ्या एका सल्ल्यानं, एका हंगामात संपलं होतं.

"तुमाला दर साल वानवळा देतो," तो म्हणाला. "त्यातलं मूठ-मूठ जरी घरात आसंल तर पुरं. त्याच्यावरनं वाढवतो. बहिनीकडं आसंल, शिनोलीला. पर बहिनीला दिल्यालं तिच्याकडनंच मागू का? लोकं तोंडात श्यान घालतील."

इथं मला सरळ सांगता आलं असतं. भाऊ, आमच्याकडं काही नाही, तुझं सगळं आम्ही दळलं, भाजलं, घाण्यावर घातलं, उरलेलं विकलं. पण माझ्या तोंडून निघालं, "बघतो घरात." आणि त्याचा चेहरा जो उजळला, तो बघून पुढं काही बोलायचं धाडस झालं नाही.

घरी गेलो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही का?" तरी तिनं डबे काढले. चणाडाळीचा डबा, चटणीची बरणी, तेलाचा कॅन. ओट्यावर मांडून ठेवले. "यातलं काय उगवेल ते घेऊन जा," ती म्हणाली. जन्मभर धान्याच्या ढिगात बसलो, आणि मातीत टाकलं तर उगवेल असा त्याचा एक दाणा माझ्या घरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान मुलावर टाकून मी शिनोलीला गेलो. मंचरहून आत वळलो, घोडेगाव सोडलं, तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळा पडत आला होता. त्याची बहीण मला ओळखत होती, लहानपणी वडिलांबरोबर आमच्या दुकानात यायची. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी कसंबसं सांगितलं. भावानं पाठवलं नाही, त्याला ठाऊकही नाही, मीच आलो, असं दोनदा म्हणालो.

तिनं चहाचा कप पुढं सरकवला. मग म्हणाली, "माज्याकडं हाय की. भात निघाल्यावर मी खाचरात तेच पेरती. हरभरा, जवस, बांधाला करडई. माहेरचं हाय म्हून मोडू दिलं न्हाई. ज्वारी हितं येत न्हाई, पर आदल्या सालच्या यात्रंला दादानं दिल्याली येक गाडग्यात हाय." आणि थांबून म्हणाली, "तुमच्याकडं बी दर साल देत व्हता ना तो?"

मी म्हणालो, "देत होता." तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं आतून गाडगी आणली, राख झटकली, सुपात दाणे घेतले आणि खडे वेचायला बसली. मी समोर बसून बघत होतो. माझ्या हाताला सवय आहे, मी एक मूठ घेऊन बोटानं फिरवली. हरभऱ्यात जवसाचे चार दाणे होते. मी मूठ परत सुपात टाकली.

चार पुरचुंड्या बांधून देताना ती म्हणाली, "माजं नाव दादाला सांगू नका. तो म्हनंल बहिनीकडनं घेतलं, आता साडी-चोळी केली पायजे. यंदा त्याची तेवढी ऐपत न्हाई. उगं जिवाला लावून घेईल. तुमच्याकडचंच हाय म्हना."

मी कबूल केलं. परत येताना मंचरपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की हे तिनंच मागितलं, मी फक्त शब्द दिला. खरं म्हणजे तो शब्द मला इतका सोयीचा होता की मी एकदाही 'पण' म्हटलं नाही.

तसाच पुढं लोणीला गेलो. त्यानं अंगणात बसूनच पुरचुंड्या सोडल्या. हरभरा हातात घेतला, दाताखाली एक दाणा फोडला. त्याची बायको दारात आली. तो तिला म्हणाला, "बघ. मी म्हनलं व्हतं न्हवं, वहिनीकडं सापडंल म्हून? शेठच्या घरात आपलं बी जपून ठिवलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "शेठ, मी उगंच तुमच्यावर मनातल्या मनात रुसलो व्हतो. सालभर. माफ करा."

माफी त्यानं मागितली. त्यानं, माझी. मी 'अरे, काय बोलतोस' असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा पिऊन निघालो. घरी बायकोला सांगितलं तर तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली. नंतर म्हणाली, "शब्द दिलाय तर सांगू नका. पण निदान मिरवू नका."

मिरवायची मला गरज पडली नाही, ते काम त्यानं केलं. पेरणी केली, कडेनं करडई, दंडाला जवस, ज्वारीत हरभरा, सगळं पूर्वीसारखं. शेत उभं राहिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगू लागला. शेठनं साबण पेरायला लावला असेल, पण बी जपलं ते शेठनंच, असं. थट्टा थांबली. दुकानात आलेली लोणीची माणसं मला नमस्कार घालू लागली. व्यापाऱ्यांच्या बैठकीत एकानं मला उभं करून सांगितलं की जुनं बियाणं सांभाळणारा माणूस आपल्यात आहे. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत उभा होतो, तर लोक म्हणाले, किती साधा माणूस आहे.

हुरड्याला त्यानं बोलावलं, मी ताप आल्याचं सांगितलं. मळणीनंतर वानवळा आला, नेहमीच्या दुप्पट. पुरचुंड्या देताना तो बायकोला म्हणाला, "निम्मं खायाला, निम्मं ठिवायाला." त्या वर्षी बायकोनं हरभऱ्याची डाळ केली नाही. राख कुठून आणायची इथपासून आमची सुरुवात होती, गॅसच्या घरात राख कुठली? शेवटी विटा भाजतात तिथून आणली.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुकानात एक बाई आल्या. लोणीच्याच, सत्तरीच्या पुढच्या, मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी गादीवर ठेवलं. उघडलं तर राळा, वरईच्या जातीचं जुनं धान्य. पिवळा, बारीक, मोहरीएवढा. आमच्या दुकानात राळ्याचं पोतं शेवटचं कधी होतं ते मला आठवत नाही.

"आमच्या घरात आता हे पेरनारं कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरं टमाट्याच्या मागं. हातपाय चालत व्हतं तवर व्हतं, येक वाफा लावायची. आता वाकवत न्हाई. तुमी जपता म्हनं लोकांचं बी. हे बी ठिवा."

मी म्हणायला हवं होतं की आजी, माझ्याकडं काही जपलेलं नव्हतं, ते शिनोलीच्या एका बाईनं जपलं होतं. निदान एवढं, की मी नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "ठेवतो."

"कुठं ठिवता? बघू तरी द्या," त्या म्हणाल्या. "समद्यांचं येका जागी आसंल ना?"

मागच्या खोलीत किनोवाची पोती आहेत, ज्यांना कुणी वाली नाही. ती मी त्यांना दाखवू शकत नव्हतो. घरी आहे म्हणालो. तर त्या म्हणाल्या, चला, वारूळवाडी काय लांब आहे? मी त्यांना गाडीत बसवून घरी नेलं. वाटेत त्या राळ्याची खीर कशी करायची ते सांगत होत्या आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

दारात बायको होती. मी काही बोलायच्या आत तिला माझ्या तोंडावरून सगळं कळलं असावं. तिनं बाईंना आत नेलं, लोणीच्या बियाण्याचं मडकं दाखवलं. एकच मडकं. बाईंनी आत डोकावून बघितलं, आजूबाजूला दुसरं काही आहे का तेही बघितलं. मला वाटलं आता विचारतील. त्या म्हणाल्या, "सुरुवात चांगली हाय," आणि आपला रुमाल बायकोच्या हातात दिला. चहा पिऊन मी त्यांना स्टँडवर सोडून आलो.

परत आलो तर रुमाल ओट्यावर तसाच होता. बायको म्हणाली, "बाई जाताना सांगून गेल्या. हे मडक्यात राहत नाही. दर वर्षी पेरायचं, तरच टिकतं. मृगाला पेरायचं म्हणाल्या."

आमच्या घरात, मला माहीत असलेल्या कुठल्याही पिढीत, कुणी काही पेरलेलं नाही. घरामागं गाड्या लावायला जागा आहे, तिथली फरशी उखडली तर एक वाफा होईल. पण वाफा कसा करायचा, बी किती खोल टाकायचं, पाणी कधी द्यायचं, मला यातलं काहीच येत नाही. विचारायला माणूस एकच आहे, लोणीचा. आणि त्याच्यापुढं बसून 'मला बी जपायला शिकव' असं म्हटलं, की तो विचारणार, मग इतकी वर्षं कसं जपलंत?

बहिणीचं नाव मी घेणार नाही. पण माझ्याकडं काही नव्हतं, एवढं तरी सांगावं लागेल. परवा फरशी उखडायला माणूस येऊन गेला. मृग जवळ आलाय. मी अजून लोणीला गेलेलो नाही.